वर रस्त्याने, खाली पाण्याने: झांस्करच्या घळींचा प्रवास

लडाखच्या दक्षिण भागात झांस्कर नावाचा मुलूख आहे. भाषा तिबेटी कुळातली, धर्म बहुतांशी बौद्ध, जव आणि याक यांच्यावर चालणारा संसार, आणि गाव सोडून बाहेर पडायचं तर एकतर खिंड चढायची किंवा नदीच्या घळीतून वाट काढायची. द्रांग-द्रुंग हिमनदीतून निघणारी स्तोद आणि आग्नेयेकडून येणारी त्सारप (खालच्या भागात तिलाच लुंगनाक म्हणतात) या दोन नद्या पदुम या झांस्करच्या मुख्य गावाजवळ मिळतात. तिथून पुढची ती झांस्कर नदी. ती समोरची अख्खी डोंगररांग कापून उत्तरेला जाते आणि निम्मूला सिंधूला मिळते. या नद्यांनी कोरलेल्या दोन घळी इथे घेतल्या आहेत: त्सारपची, जी पायी करायची, आणि झांस्करची, जी राफ्टने. गोठलेल्या नदीवरची जानेवारी-फेब्रुवारीतली 'चादर' हा वेगळा प्रकार आहे, त्याची तयारी वेगळी आणि धोकेही वेगळे, म्हणून ती इथे नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता एकमेकांना जोडला गेला. पूर्वी लेहहून पदुमला पोचायला कारगिल, सुरू खोरं आणि पेन्सी ला ('ला' म्हणजे खिंड) असा मोठा वळसा पडायचा. आता निम्मूहून झांस्करच्या काठाकाठाने गाडी जाते. घळीचं एकाकीपण त्यामुळे गेलं अशी हळहळ ऐकू येते, आणि ती खोटी नाही. पण जाणाऱ्याच्या सोयीची एक गोष्ट झाली: ज्या पाण्यावरून पाच दिवसांनी यायचं आहे ते आधी गाडीतून बघून घेता येतं. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. वर रस्त्याने जा, खाली पाण्याने या. उलटं करू नका.

नदीचं घड्याळ

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना नदीचं वेळापत्रक असतं हे ठाऊक असतं. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटतं, त्यावर राफ्ट जाते. झांस्करलाही वेळापत्रक आहे, फक्त ते सूर्य ठरवतो. उन्हाळ्यात इथल्या नद्यांना बहुतेक पाणी बर्फ आणि हिमनद्या वितळून येतं. ऊन चढलं की वितळणं वाढतं, दुपारी ते सर्वांत जास्त असतं, पहाटे सर्वांत कमी.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. चूक होते ती पुढे. 'सकाळी पाणी कमी, संध्याकाळी जास्त' हा नियम हिमनदीपासून जवळच्या ओढ्याला लागू पडतो. मोठ्या नदीच्या खालच्या भागात तो लागू पडत नाही, कारण फुगवट्याला वाटेत वेळ लागतो. पाणी ताशी सात ते दहा किलोमीटर वेगाने वाहतं असं धरलं, तर शंभर किलोमीटर वर दुपारी तीनला सुटलेलं पाणी खाली पोचायला दहा ते चौदा तास लागतात. म्हणजे घळीच्या मध्यावर नदी मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सर्वांत फुगलेली असू शकते. संध्याकाळी सहाला वाळूवर तंबू ठोकला, पाणी तीन हात लांब होतं, आणि पहाटे चारला झोपायच्या पिशवीखाली ओल आली, असं होतं ते यामुळेच.

उपाय एक काडी. मुक्कामाला पोचताच पाण्याच्या कडेला काठी रोवा किंवा दगडावर खूण करा, वेळ टिपा, आणि झोपेपर्यंत दर तासाने बघा. रात्री कोणी उठलं तर त्यानेही बघायचं. दोन दिवसांत त्या वर्षीचं, त्या आठवड्याचं घड्याळ कळतं. आभाळ दोन दिवस झाकलेलं राहिलं तर वितळणं मंदावतं आणि नदी उतरते. पाऊस पडला तर मात्र हिशेब मोडतो. लेहमध्ये वर्षभरात साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे हे डोंगर उघडे आहेत, माती धरून ठेवायला झाड नाही. जो पडतो तो सगळा दगडगोटे घेऊन थेट नाळेत (डोंगरउतारावरच्या अरुंद घळीत) उतरतो. ऑगस्ट २०१० मध्ये ढगफुटीने लेहला काय झालं ते आठवून पाहा. पावसाळ्यात सांदण दरीत का शिरायचं नाही हे ज्यांना समजतं, त्यांना हे वेगळं समजावायला नको: आपल्या डोक्यावर ऊन आहे याला अर्थ नाही, वरच्या खोऱ्यात काय आहे ते महत्त्वाचं.

आणखी एक खूण लक्षात ठेवा, कारण ती उलटी वाटते. नदी वाढली तर सावध व्हायचं, पण कारण नसताना अचानक उतरली तर जास्त सावध व्हायचं. वर कुठेतरी दरड पडून पाणी अडलेलं असू शकतं, आणि अडलेलं पाणी सुटतं. ३१ डिसेंबर २०१४ ला त्सारपवर फुकताल मठाच्या वरच्या अंगाला दरड कोसळली. मागे कित्येक किलोमीटर लांबीचा तलाव साचला. ७ मे २०१५ ला तो बांध फुटला आणि खालचे अनेक पूल वाहून गेले. आधीच इशारे दिलेले असल्याने माणसं वाचली. तुम्हाला असा इशारा कोणी देणार नाही. पाणी तासाभरात भराभर उतरलं, गढूळपणा अचानक बदलला किंवा दगड घरंगळल्यासारखा खोल आवाज येऊ लागला, तर सामान सोडा आणि घळीच्या कडेने वर चढा.

कधी जायचं

पायी चालायला जूनच्या शेवटापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. राफ्टसाठी जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैअखेर आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी मोठं असतं, लाटा उंच आणि वेग जास्त. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा घ्यावा. पाणी उतरलेलं असतं, दगड वर आलेले असतात, पण चुकीला थोडी जागा मिळते. सप्टेंबरच्या मध्यानंतर घळीत ऊन दिवसाचे दोन-तीन तासच पोचतं आणि भिजलेलं अंग गरम होत नाही.

उंची: आधी हे

लेह ३,५०० मीटरवर, पदुम त्याच्याच आसपास, फुकताल ३,८०० च्या वर. मुंबईहून विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही. हॉटेलच्या पायऱ्या सावकाश चढायच्या, तीन-साडेतीन लिटर पाणी प्यायचं, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळायच्या. तिसऱ्या दिवशी थोडं फिरायचं, चौथ्या दिवशी निघायचं. उंचीच्या त्रासावरचं असेटाझोलामाइड (डायमॉक्स) घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी अर्धी. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायचं. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, त्याला घाबरू नका.

मनालीकडून येणाऱ्यांचा धोका मोठा आहे. अटल बोगदा झाला, शिंकू लावर गाडीरस्ता झाला, आणि आता २,००० मीटरवरचा माणूस एका दिवसात ५,०९१ मीटरवर पोचू शकतो. पोचू शकतो म्हणून पोचायचं नसतं. मनालीत एक रात्र, जिस्पाला (३,२०० मीटर) दोन रात्री, मग सकाळी लवकर निघून शिंकू ला पार करायची. वर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि पलीकडे करग्याक गावात न राहता जितकं खाली उतरता येईल तितकं उतरून पुर्णे गावी मुक्काम करायचा.

पदुमबद्दल एक गोष्ट नकाशावर दिसते पण लक्षात येत नाही. उंचीचा त्रास झाला तर उपाय म्हणजे खाली उतरणं. पदुमहून कारगिलकडे जायचं तर आधी ४,४०० मीटरची पेन्सी ला चढावी लागते, मनालीकडे जायचं तर शिंकू ला. चढ न चढता उतरणारी वाट एकच, निम्मूचा घळीतला रस्ता. म्हणून पदुमला पोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा: निम्मूचा रस्ता आज चालू आहे का? दरड पडून तो बंद असेल, तर डोकेदुखी असलेल्या माणसाला घेऊन एक पाऊलही वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता न येणं, ही थांबून बघायची लक्षणं नाहीत. त्या माणसाला ऑक्सिजन लावून ताबडतोब पदुमच्या दवाखान्यात न्यायचं.

त्सारपची घळ पायी: पुर्णे ते फुकताल

पदुमहून लुंगनाकच्या काठाने गाडी पुर्णेपर्यंत जाते. वाटेत बारा किलोमीटरवर बरदन गोंपा (बौद्ध मठ) नदीवर झुकलेल्या कड्यावर आहे, तिथे अर्धा तास द्यावा. पुढे रेरू, इचर ही गावं लागतात. पुर्णेला करग्याक नदी त्सारपला मिळते. इथून फुकताल सहा-सात किलोमीटर, अडीच-तीन तासांची चाल. मार्गदर्शक नसला तरी वाट चुकण्यासारखी नाही. चुकण्याजोगं आहे ते पाऊल.

वाट कड्याच्या पोटातून जाते, रुंदी काही ठिकाणी दोन हात. खडक पूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेल्या थरांचा आहे, चुनखडीसारखे थर टणक आणि मधले मातकट थर भुसभुशीत. मधल्या थरांवर घसारा असतो. सह्याद्रीत घसाऱ्यावर बसून घसरत उतरायची सवय असते, ती इथे सोडा, कारण खाली शंभर-दीडशे फुटांवर नदी आहे. पाय पूर्ण टेकवून, लहान पावलं टाकत, न थांबता पार व्हायचं. घसाऱ्याच्या पट्ट्यात फोटो नाही, बुटाची नाडी नाही, पाण्याची बाटली नाही. एकजण पार झाला की दुसऱ्याने निघायचं.

ऊन कड्यावर आलं की दगड सुटायला लागतात, दुपारी वारा सुटला की आणखी. त्यामुळे पुर्णेहून सकाळी सातला निघा आणि दहापर्यंत पोचा. समोरून खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. खेचर तुम्हाला टाळतं, त्याच्या पाठीवरचं ओझं टाळत नाही. मठाच्या अलीकडे झुलत्या पुलावरून नदी ओलांडावी लागते. पुलावर आधी जनावरं जाऊ द्या. एका वेळी एकानेच चालायचं, पुलाच्या हेलकाव्याशी पाऊल जुळलं की थांबून ताल मोडायचा.

मधे आडवे येणारे ओढे सकाळी सोपे असतात, दुपारी परततानाच अडवतात. ओढा ओलांडताना बूट काढू नका, अनवाणी पाय गोट्यांवर घसरतो. पिशवीचा कमरपट्टा आणि छातीची पट्टी सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकता येईल. काठी पाण्याच्या वरच्या बाजूला टेकवून, तोंड प्रवाहाकडे करून, तिरकं खाली सरकत जायचं. तिघं असाल तर एकमेकांचे खांदे धरून. कमरेला दोरी बांधून ओलांडू नका. पडलेल्या माणसाला ताणलेली दोरी पाण्याखाली दाबून ठेवते. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल, किंवा तळाशी दगड लोळल्याचा आवाज येत असेल, तर उद्या सकाळी. याला दुसरं उत्तर नाही.

फुकताल मठ एका मोठ्या गुहेच्या तोंडाशी, कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लटकलेला आहे. हंगेरियन अभ्यासक चोमा दे कोरोश १८२५-२६ मध्ये इथे राहून तिबेटी शिकला. त्याच्या आधी तो झांगलाच्या राजवाड्यात होता. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ साली कलकत्त्याला छापला गेला. मठाची राहण्याची सोय साधी आहे: गादी, रजई, थुक्पा (शेवयांचं सूप), लोणी घातलेला खारट चहा. गुहेतला झरा पवित्र मानतात, त्यात हात-पाय धुवू नका. मणीची भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) किंवा छोर्तेन (स्तूप) लागला तर तो आपल्या उजव्या हाताला राहील असं चालायचं. भेटेल त्याला 'जुले' म्हणायचं, नमस्कारालाही तेच आणि निरोपालाही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत पुर्णे, संध्याकाळपर्यंत पदुम. एक दिवस करशाच्या गोंपासाठी आणि राफ्टच्या तयारीसाठी ठेवा.

झांस्करची घळ: राफ्ट कोणाबरोबर

पदुमच्या परिसरापासून निम्मूपर्यंत पाण्यावरचं अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, उतार साधारण चारशे मीटर. खळाळ सहापैकी तिसऱ्या ते चौथ्या श्रेणीचे, मोठ्या पाण्यात आणखी कठीण. झांस्करचं अवघडपण फक्त खळाळाच्या श्रेणीत नाही. थंडी, उंची, आणि दोन्ही बाजूंना सरळ भिंती असल्याने काठाला लागायला जागा नसणं, या तिन्हींत ते जास्त आहे. कोलाडला उलटलेला माणूस पोहत काठाला लागतो आणि हसतो. इथे काठच नसतो.

त्यामुळे आयोजक निवडताना किंमत शेवटी विचारा. आधी हे विचारा. ताफ्यात किती राफ्ट? एकच असेल तर नाही म्हणा, उलटली तर उचलायला कोणी नसतं. किमान दोन राफ्ट, आणि सोबत सुरक्षेसाठी एक, शक्यतो दोन कयाकवाले (एकट्याने चालवायच्या चिंचोळ्या होडीतले). मुख्य गाइडने याच नदीवर याच महिन्यात किती वेळा नेलं आहे? दुसऱ्या नदीवरचा अनुभव मोजू नका. जलदप्रवाह बचावाचं प्रशिक्षण कोणाकडे आहे? राफ्ट दगडावर चिकटली तर ओढायला कप्प्या, न ताणणारा दोर आणि कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आहेत का, ते उघडून दाखवायला सांगा. आणि शेवटचा प्रश्न: या हंगामात घळीतून शेवटचा ताफा कधी गेला? रस्त्याच्या कामात सुरुंगांचा राडारोडा नदीत येतो, दरडी येतात, खळाळ बदलतात. गेल्या वर्षीची माहिती जुनी समजायची.

वर जाताना गाडीतून हेच बघायचं. जिथे रस्त्यावरून नदी दिसते तिथे गाइडला गाडी थांबवायला लावा. कुठल्या खळाळानंतर शांत पाणी आहे, कुठे रस्त्यापर्यंत चढून येता येईल, कुठे अजिबात नाही, हे वहीत टिपून ठेवा. बाहेर पडायच्या जागा पाण्यावरून दिसत नाहीत, रस्त्यावरून दिसतात.

अंगावर काय

पाणी बर्फाचं आहे, दहा अंशांच्या खाली. तीन ते पाच मिलिमीटरचा वेटसूट, त्यावर पाणी अडवणारं जॅकेट, आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर. सुती बनियन घालू नका, ते भिजलं की थंडी धरून ठेवतं. पायात निओप्रीनचे मोजे आणि पट्टा असलेले बूट, चपला नाहीत. हेल्मेट कपाळावर दोन बोटं उरतील असं. लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलून बघायचं. ते हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे. रोज सकाळी ही तपासणी. शरीर बारीक आहे म्हणून लहान मुलांचं जॅकेट घालू नका, वजनाप्रमाणे घ्या.

अंगावरच्या जॅकेटच्या खिशात: शिट्टी, दोन चिक्क्या, प्लास्टिकमध्ये बंद लायटर, पातळ आपत्कालीन चादर. राफ्ट गेली तरी ही चार वस्तू तुमच्यासोबत राहतात.

पाण्यात पडल्यावर

थंड पाण्यात पडल्यावर तीन आकडे लक्षात ठेवा: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास आटोक्यात आणायला, कारण थंडीच्या धक्क्याने माणूस धापा टाकतो आणि पाणी गिळतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यात जे करायचं ते करा. थंडीने शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे सावरायला वेळ आहे, आळसाला नाही.

पाठीवर झोपा, पाय पुढे आणि वर, बोटं पाण्याबाहेर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडात अडकला की पाणी पाठीवरून पुढे ढकलतं आणि डोकं खाली जातं. खोली गुडघ्याच्या वर आहे तोवर पोहतच राहायचं. भिंतीजवळ जाऊ नका. भिंतीखाली पाण्याने पोकळी केलेली असते आणि प्रवाह तिकडेच ओढतो. पालथे होऊन जोरात हात मारत राफ्टकडे किंवा मधल्या प्रवाहाकडे यायचं.

बचावाची दोरी (ती एका पिशवीत भरलेली असते) अंगावर फेकली तर पिशवी न पकडता दोरी पकडा. ती छातीशी धरा, खांद्यावरून घ्या, पाठीवर वळा. हाताला कधीही गुंडाळू नका. राफ्ट दगडावर आडवी आदळतेय असं दिसलं आणि गाइड 'हायसाइड' ओरडला, तर सगळ्यांनी दगडाच्याच बाजूच्या नळीवर (राफ्टच्या फुगवलेल्या कडेवर) झेप घ्यायची. मन विरुद्ध बाजूला पळायला सांगतं. त्या बाजूला वजन गेलं की वरचं पाणी राफ्टमध्ये भरतं आणि ती उलटते. हा सराव पहिल्या दिवशी शांत पाण्यात किमान पाच वेळा करून घ्या. जो गाइड हा सराव करून घेत नाही त्याच्यासोबत पुढे जाऊ नका.

दिवसांची वाटणी

पहिला दिवस रुंद खोऱ्यातून. झांगला, पिदमोच्या बाजूला नदी पसरट असते, वारा समोरून येतो आणि दुपारी वल्हं मारून जीव जातो. सकाळी आठपर्यंत पाण्यावर असाल तर दुपारी दोनला थांबता येतं. दुसऱ्या दिवशी भिंती जवळ येतात. तिसरा दिवस नेरकच्या परिसराचा. इथे घळ सर्वांत अरुंद होते, सगळं पाणी एका फटीतून जातं, भोवरे बाजूंना न राहता मध्ये उठतात. इथल्या प्रत्येक आंधळ्या वळणाच्या आधी थांबून, काठावरून चालत जाऊन पुढचं पाणी बघायचं. काठ नसेल तर कयाकवाला आधी जाईल आणि शिट्टी देईल. चौथ्या दिवशी चिलिंग. हे धातुकाम करणाऱ्यांचं गाव. लेहजवळच्या शे गावातील बुद्धमूर्तीच्या कामासाठी सतराव्या शतकात नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे हे वंशज. तांब्या-पितळेची भांडी अजून घडवतात. पाचव्या दिवशी निम्मू. एक दिवस हाताशी जादा ठेवा. पाणी अचानक वाढलं तर तो दिवस तंबूत बसून काढायचा असतो.

तंबूची जागा: नाळेच्या तोंडाशी नाही, दगडांच्या पंख्यासारख्या ढिगाखाली नाही, आणि वाहून आलेली लाकडं, काटक्या जिथे अडकल्या आहेत त्या रेषेच्या बऱ्याच वर. वाळूचा सपाट किनारा सर्वांत मोहक आणि सर्वांत वाईट. राफ्ट दोन वेगवेगळ्या दगडांना दोन दोरांनी बांधा. रात्री एक दोर घासून तुटला तरी दुसरा राहतो.

शिधा आणि पाणी

माणशी दिवसाला साडेसहाशे ग्रॅम कोरडा शिधा धरा: तांदूळ-कणीक मिळून ३००, डाळ ८०, तेल-तूप ५०, साखर-गूळ ६०, दूध पावडर ४०, सुकामेवा आणि चिक्की ७०, मसाला-पोहे-इतर ५०. आठ माणसं, सहा दिवस म्हणजे सुमारे ३१ किलो. त्यावर दोन दिवसांचा राखीव शिधा वेगळ्या पिशवीत, वेगळ्या राफ्टवर. कुकर हवाच. या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही. मसूर किंवा मूग घ्या, गॅस वाचतो.

नदीचं पाणी पिठासारखं गढूळ असतं. त्यात थेट गाळणी बुडवली तर पाचव्या लिटरला ती बंद पडते. रात्री बादलीत पाणी भरून तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवा, सकाळी वरचं निथळ पाणी काढा, मग गाळा, मग उकळा. खळखळ तीन मिनिटं पुरतात. बाजूचा स्वच्छ झरा मिळाला तर तो आधी. माणशी चार लिटर लागतात.

शौचाला वाळूत खड्डा करून चालत नाही. त्या कोरड्या थंडीत काही कुजत नाही, पुढचा ताफा त्याच वाळूवर झोपतो. झाकणाचा डबा, आत राख किंवा चुना, आणि तो निम्मूपर्यंत सोबत. आयोजकाकडे हा डबा नसेल तर बाकीच्या तयारीबद्दलही शंका घ्यावी.

फोन, पैसे, परतीचं तिकीट

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. पदुमला रेंज येते, घळीत नाही. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशातून येणाऱ्या मराठी मित्रांनी हे खास लक्षात घ्यावं, विमानतळावरच अडकायला होतं. त्याऐवजी लेहमधल्या एका माणसाकडे लेखी वेळापत्रक ठेवा: निघण्याची तारीख, राफ्टची संख्या, नावं, रक्तगट, आणि 'अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव' ही ओळ. हेलिकॉप्टर प्रशासनामार्फत मिळू शकतं, पण मिळेलच असं धरून आखणी करायची नाही. पदुमच्या एटीएमवर विसंबू नका, रोकड लेहमधूनच घ्या. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, तेही लेहला विकत घ्या. पॉवर बँक हातातल्या सामानात.

निम्मूला उतरल्यावर त्याच दुपारी वेटसूट आणि दोर उन्हात वाळत घाला, लेहमध्ये ओल्या पिशवीसह गेलात तर खोलीला कुबट वास सुटतो. लेहची विमानं बहुतेक सकाळीच सुटतात, दुपारी वारा वाढतो. धुकं किंवा ढग असले तर ती रद्द होतात. परतीचं तिकीट निम्मूला पोचायच्या ठरलेल्या दिवसानंतर किमान दोन दिवस सोडून काढा.